रंगाला पेटवणारा डीएनए: निवडा, पाखडा, पुन्हा निवडा

पांढऱ्या कपड्यांना पूर्वी नीळ घालायचे, मग टिनोपॉल आलं. घरात दोन्हींचं काम एकच मानलं जायचं, पण युक्ती अगदी वेगळी आहे. नीळ कापडाचा पिवळेपणा निळ्या रंगाखाली झाकते, एवढंच. टिनोपॉल उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पितं आणि त्याच ऊर्जेचा निळसर उजेड करून बाहेर टाकतं. म्हणून शर्ट ‘लखलखीत’ दिसतो. खात्री करायची असेल तर दुकानदाराच्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली बाही धरून बघा. नोटेतले धागे चमकतात तशीच बाहीही चमकते.

एका रंगाचा प्रकाश गिळायचा आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडायचा, या प्रकाराला फ्लुओरेसन्स म्हणतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा गेली कित्येक दशकं यावर चालल्या आहेत. पेशीत काय कुठे आहे, रक्तात एखादा पदार्थ किती आहे, हे बघायचं तर त्याला चमकणारा रंग चिकटवा आणि दिवा लावा. अडचण एकच. टिनोपॉलसारखा रंग कायम चमकतो. ज्याला शोधतोय तो पदार्थ असो वा नसो, उजेड आहेच. मग चिकटलेला रंग ठेवायचा आणि न चिकटलेला धुऊन काढायचा, ही धुण्याची कटकट दरवेळी मागे लागते.

त्यापेक्षा एखादा रंग पाण्यात विझलेला असेल आणि ठरावीक कुणी धरल्यावरच पेटत असेल तर? धुण्याची गरजच उरली नाही. ‘धरणारा’ आपल्याला हव्या त्या पदार्थावर अवलंबून ठेवला, की नळीत उजेड दिसला म्हणजे पदार्थ आहे. हा धरणारा डीएनएचा बनवायचा, ही या लेखाची गोष्ट.

आधी रंग विझतो का, ते पाहू. मॅलाकाइट ग्रीन घ्या. हे नाव ऐकलं नसेल, पण बाजारात भेटलं असण्याची शक्यता आहे. मटार, भेंडी, मिरची हिरवीगार दिसावी म्हणून काही जण हा कापड-कागद रंगवायचा रंग भाजीला लावतात. खायला त्याला बंदी आहे. भाजीवर तेलात भिजवलेला कापूस घासून तो हिरवा होतो का बघायचं, ही घरगुती परीक्षा अन्नसुरक्षेची सरकारी यंत्रणाही सांगते. या रंगाचा रेणू म्हणजे मध्ये एक कार्बन आणि त्याला जोडलेली तीन सपाट कडी. जत्रेतलं तीन पात्यांचं भिरभिरंच. पाण्यात त्याची पाती मोकळी असतात. प्रकाश गिळला की ती ऊर्जा पाती वळवण्यातच संपते आणि उष्णता होऊन पाण्यात मुरते. याला लागतो फक्त पिकोसेकंदांचा वेळ, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. उजेड सोडायला अब्जावा भाग तरी लागतो. म्हणजे उजेडाचा नंबर लागण्याआधीच तिजोरी रिकामी.

आता कुणीतरी ती पाती चिमटीत घट्ट धरली तर ऊर्जेला वळण्याची वाट उरत नाही. मग ती उजेड म्हणून बाहेर पडते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात रॉजर त्सियन यांच्या गटाने मॅलाकाइट ग्रीनला धरणाऱ्या एका छोट्या आरएनएमध्ये (आरएनए म्हणजे डीएनएचं भावंड) हा रंग बसवला, आणि त्याची चमक २,००० पटींहून जास्त वाढली. हेच त्सियन २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी, जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी. त्या प्रथिनाचं गुपितही हेच आहे. आतला रंगकण प्रथिनाने चहूबाजूंनी कवटाळलेला असतो म्हणून तो चमकतो. प्रथिन उलगडलं की उजेड जातो.

मग हे काम डीएनएला का द्यायचं? शाळेत आपण डीएनए म्हणजे पिळाची दुहेरी शिडी असं शिकलो. ती शिडी आपल्या कामाची नाही, ती फार ताठ असते. आपल्याला हवा एकेरी धागा. एकेरी डीएनएला जोडीदार नसला की तो स्वतःच्याच अंगावर जोडीदार शोधतो. डीएनएची अक्षरं चार: ए ला टी जुळतं, जी ला सी. त्यामुळे धागा दुमडतो, गाठी पडतात, फासे होतात, आणि मध्ये कुठेतरी खोबण तयार होते. शिवणाच्या डब्यातला दोरा गुंततो तसंच, फरक इतकाच की ठरावीक अक्षरक्रमाचा धागा दरवेळी जवळपास तसाच गुंततो. अक्षरं बदला, गुंता बदलेल, खोबण बदलेल. अशी एखाद्या पदार्थाला नेमकी बसणारी खोबण असलेला धागा म्हणजे ॲप्टामर. लॅटिनमधल्या ‘अॅप्टस’, म्हणजे नीट बसणारा, या शब्दावरून हे नाव आलं.

आरएनएही हेच करतो, आणि या क्षेत्रातली बरीच नामवंत मंडळी आरएनएचीच आहेत. पण आरएनए नाजूक. आपल्या बोटांवरच्या घामात त्याला तोडणारी विकरं असतात. प्रयोगशाळेत हातमोजे विसरलेल्या विद्यार्थ्याला आठवडाभर बोलणी का बसतात, ते त्याने विचारावं लागत नाही. डीएनए बराच दणकट, यंत्रावर स्वस्तात बनतो, सुकवून पाकिटात घालून टपालाने पाठवता येतो. जिवंत पेशीच्या आत बघायचं असेल तर आरएनए बरा, कारण पेशी स्वतःच तो बनवते. नळीत, कागदाच्या पट्टीवर, दवाखान्याच्या टेबलावर तपासणी करायची असेल तर डीएनए.

निवडणं

आता खरा प्रश्न. मॅलाकाइट ग्रीनला बसणारी खोबण कुठल्या अक्षरक्रमात असेल, हे कागदावर काढता येतं का? नाही. संगणकाला अजून तरी ते भरवशाने जमत नाही. म्हणून इथे कुणी शिंप्यासारखं माप घेऊन शिवत नाही. इथे निवडतात.

मराठीत हा शब्द फार चपखल आहे. आपण उमेदवार निवडतो आणि तांदूळही निवडतो. डीएनएच्या बाबतीत दुसरा अर्थ खरा: सुपात घ्यायचं, पाखडायचं, नको ते टाकायचं, उरलेलं पुन्हा सुपात.

ही पद्धत १९९० मध्ये जन्मली. कोलोराडोत क्रेग ट्युर्क आणि लॅरी गोल्ड यांनी ती एका प्रथिनासाठी वापरली, तर बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टॅक यांनी स्वतंत्रपणे वापरली ती चक्क कापड-कारखान्यातल्या प्रकारच्या सेंद्रिय रंगांसाठी. जगातले पहिले ॲप्टामर ज्यांना पकडायला निघाले त्यांत रंग होते! ‘ॲप्टामर’ हा शब्दही याच दोघांचा. १९९२ मध्ये त्यांनी तेच डीएनएवर करून दाखवलं. रंगच का घेतले असतील? रंगाचे रेणू सपाट, मोठ्या कड्यांचे, त्यांना धरायला जागा भरपूर. आणि रंग मण्यांवर चिकटवून मिळत होते, कारण प्रथिनं गाळायला त्यांचा वापर आधीपासून चालू होता.

सुपात काय घ्यायचं? डीएनए बनवणाऱ्या यंत्राला सांगायचं की दोन्ही टोकांना साधारण वीस-वीस ठरलेली अक्षरं ठेव आणि मधल्या ४० जागी ए, टी, जी, सी पैकी हाताला लागेल ते घाल. चार पर्याय, चाळीस जागा. शक्य क्रमांची संख्या होते १२ वर २३ शून्यं. प्रत्येक क्रमाची एकेकच प्रत बनवायची म्हटली तरी गणित करून बघा, पन्नास किलोंच्या वर डीएनए लागेल, सिमेंटचं एक पोतं. प्रयोगात प्रत्यक्ष घेतात ते एक नॅनोमोल, वजनाने सुमारे २६ मायक्रोग्रॅम, पोत्यापुढे साखरेचा एक दाणासुद्धा नाही. तरीही त्यात ६ वर १४ शून्यं इतके धागे असतात आणि जवळजवळ प्रत्येक वेगळा. एलिंग्टन-शोस्टॅक यांचा आरएनएवरचा अंदाज होता की दहा अब्ज धाग्यांत साधारण एक धागा दिलेल्या छोट्या रेणूला धरेल. तो धरून चाललो तर आपल्या चिमटीत हजारो उमेदवार आहेत. फक्त ते कोण, हे माहीत नाही.

पाखडण असं चालतं. रंग छोट्या मण्यांवर रासायनिक आकड्याने अडकवायचा. त्यावर धाग्यांचं पाणी ओतायचं. ज्यांना रंग धरता येत नाही ते वाहून जातात. मण्यांवर राहिलेले सोडवून घ्यायचे. ते इतके थोडे असतात की पीसीआरने त्यांच्या प्रती काढाव्या लागतात. कोविडमध्ये घराघरात पोचलेलं तेच पीसीआर. दर फेरीला दुप्पट, वीस फेऱ्यांत दहा लाख पट. ते दुहेरी शिडी देतं, म्हणून एक धागा सोलून टाकायचा, उरलेला एकेरी धागा पुन्हा मण्यांवर. असं आठ-दहा-पंधरा वेळा. शेवटी कोण उरलं त्याचे अक्षरक्रम वाचायचे.

ऐकायला यांत्रिक वाटतं. पण या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाशीही बोला, तो पाच मिनिटांत आपली रड सुरू करेल, आणि त्या रडण्याचं सार नेहमी एकच निघतं: सूप तुम्हाला काय हवंय ते ओळखत नाही, तुम्ही काय मागितलं तेवढंच देतं.

तुम्ही म्हणालात ‘मण्यावर टिका’. मग काही धागे रंगाला न धरता मण्यालाच धरून बसतात. काही रंग अडकवलेल्या आकड्याला धरतात. पंधरा फेऱ्यांनंतर तुमच्या हातात जगातला सर्वोत्तम आकडा-धरू डीएनए असतो. यावर उपाय दोन. रंग नसलेल्या कोऱ्या मण्यांवरून धागे आधी फिरवायचे आणि तिथे टिकतील ते फेकायचे. आणि मण्यावरून सोडवताना गरम करून किंवा रसायन घालून सगळेच उपटायचे नाहीत, तर पाण्यात मोकळा रंग ओतायचा. ज्याला खरोखर रंग हवाय तो मण्यावरचा सोडून मोकळ्याला जाऊन बिलगेल. आकडा धरून बसलेला हलणार नाही.

पीसीआरही आपली मागणी चोरून आत घालतं. आखूड धागे पटापट वाढतात, विचित्र गाठी असलेले मागे पडतात. लक्ष ठेवलं नाही तर शेवटी जिंकतो तो उत्तम धरणारा नाही, उत्तम वाढणारा.

आणि सर्वांत मोठी गोची रंगांच्या बाबतीत. तुम्ही मागितलं ‘धर’. ‘पेटव’ असं कुठे मागितलं? एखादा धागा रंगाला बाजूने, एका पात्याला धरून ठेवेल. धरलं तर खरं, पण बाकीची पाती मोकळी, उजेड शून्य. किंवा रंग मुळातच कायम पेटलेला असेल. शोस्टॅक यांच्याच प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये सल्फोरोडामाइन बी नावाच्या रंगाला धरणारा डीएनए आला. रोडामाइन कुळातले रंग धरले-सोडले तरी चमकतच असतात. (म्हातारीच्या केसांना, म्हणजे त्या गुलाबी साखरेच्या कापसाला, ज्यामुळे २०२४ मध्ये तमिळनाडूत बंदी आली तो रोडामाइन बी याच घराण्यातला.) असा ॲप्टामर रासायनिकदृष्ट्या कितीही सुंदर असो, दिव्याच्या बटणासारखा वापरता येत नाही.

दुसरं टोकही आहे. काही रंग डीएनए दिसला की कुठलाही असो, पेटतात. होक्स्ट नावाचा निळा रंग पेशीचं केंद्रक रंगवायला रोज वापरतात, कारण तो डीएनएच्या शिडीच्या खाचेत शिरून चमकतो. मग आपल्या खास ॲप्टामरला विशेष काय राहिलं? जपानमध्ये शिन्सुके सांदो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर मस्त तोडगा काढला. त्यांनी होक्स्टच्या अंगावर जाडजूड रासायनिक गट चढवले. आता तो साध्या शिडीच्या खाचेत मावेना. मग या जाड्या होक्स्टला पेटवणारा डीएनए त्यांनी पाखडून काढला. कुलूप बदललं आणि त्याची किल्ली नव्याने शोधली. रंगालाच हात घालायचा ही कल्पना मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडते. डीएनए घडवता येत नाही, ठीक, पण रंग तर घडवता येतो.

भाजी मंडई

न्यूयॉर्कमध्ये समी जाफ्री यांच्या गटाने २०११ मध्ये जेलीफिशच्या प्रथिनातल्या रंगकणासारखा एक रेणू बनवला आणि त्याला हिरवा पेटवणारा आरएनए निवडला. त्याचं नाव ठेवलं पालक, म्हणजे ‘स्पिनॅच’. तिथून मंडईच भरली. २०१४ मध्ये ‘ब्रोकोली’ आणि कॅनडातून ‘मँगो’ आला (हापूस की पायरी, ते संशोधकांनी सांगितलेलं नाही), २०१७ मध्ये ‘कॉर्न’, मग ‘पेपर’ (कागद नव्हे, मिरची). मँगो रंगाला इतकं घट्ट धरतो की तीन-चार नॅनोमोलर इतक्या नगण्य प्रमाणातही निम्मे रेणू जोडीने फिरतात. ब्रोकोलीची गंमत त्याच्या निवडीत आहे. आधी नेहमीसारखं मण्यांवर पाखडलं, मग उरलेले धागे जिवाणूंच्या आत घालून, प्रकाशाने पेशी मोजणाऱ्या यंत्रातून एकेक जिवाणू सोडून, जो चमकला तोच बाजूला काढला. म्हणजे मागणी अखेर शब्दशः ‘चमक’ अशी केली, आणि तीही जिथे काम करायचं त्या पेशीतच. आता डीएनएसाठीही लोक याच वाटेने जातात: एका मण्यावर एकाच धाग्याच्या भरपूर प्रती, आणि चमकेल तो मणी उचलायचा.

पालकचीच अक्षरं डीएनएत लिहिली तर चालेल का? साधारणपणे चालत नाही. आरएनएच्या साखरेवर एक ऑक्सिजन जास्त असतो, त्याने वळणं बदलतात, खोबण बिघडते. म्हणून डीएनएसाठी वेगळी पाखडण करावी लागली आणि २०२२ मध्ये जाफ्रींच्याच गटाकडून ‘लेट्युस’ आला, हिरव्या प्रथिनाची नक्कल करणारा डीएनए. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एड्रियन फेरे-दामारे यांच्या गटाने स्फटिकातून क्ष-किरण टाकून त्याची घडी बघितली. चार फांद्यांचा तिठा नव्हे, चव्हाटाच, आणि त्याला लागून जी अक्षरांची चवड.

ही चवड समजून घ्यायला हवी, कारण रंग पेटवणाऱ्या ॲप्टामरांत ती पुनःपुन्हा सापडते. जी हे अक्षर सपाट असतं. चार जी एकमेकांचे हात धरून एक चौकोनी चकती करतात. अशा दोन-तीन चकत्या भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक बसतात आणि मधोमध पोटॅशियमचा विद्युतभारित अणू त्यांना धरून ठेवतो. रंगाचा रेणूही सपाट. तो वरच्या भाकरीवर पसरतो, वरून डीएनएची आणखी काही अक्षरं झाकण घालतात, आणि पाती वळायला जागाच राहत नाही. निवड करताना कुणी ‘चवड बनव’ असं सांगितलेलं नसतं. सपाट, कडक बैठक स्वस्तात मिळते म्हणून वेगवेगळ्या प्रयोगशाळांतली सुपं स्वतंत्रपणे तिथेच येऊन पोचतात.

या चवडीचा एक धागा मुंबईतून जातो. थायोफ्लेविन टी हा पिवळा रंग अल्झायमरच्या अभ्यासात मेंदूतल्या प्रथिनांच्या गाठी रंगवायला वापरतात. त्याचीही दोन कडी एका बंधाभोवती फिरतात, म्हणून पाण्यात तो विझलेला असतो. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पवईची आयआयटी यांतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं की आपल्या गुणसूत्रांच्या टोकाला जो जी-बहुल डीएनए असतो, त्याची २२ अक्षरं या रंगाजवळ आली की रंग त्यांना चवडीत दुमडायलाही लावतो आणि स्वतः सुमारे २,१०० पटीने पेटतो. हा धागा पाखडून काढलेला ॲप्टामर नाही, निसर्गातलाच आहे. पण संवेदक बनवणाऱ्यांनी ही जोडी लगेच उचलली. रंग स्वस्त, पाण्यात विरघळणारा, डीएनएवर काहीही चिकटवायची गरज नाही. तोटाही तोच. थायोफ्लेविन एका ठरावीक धाग्याशी इमान राखत नाही, चवड दिसली की पेटायला बघतो.

बटण कसं बनतं

एवढं झालं तरी आपल्याकडे फक्त रंग ओळखणारा डीएनए आहे. भाजीवरचा मॅलाकाइट ग्रीन शोधायचा असेल तर तेवढ्यावर भागेल. माशांत मात्र भागत नाही. मत्स्यशेतीत बुरशी मारायला हा रंग वापरला की माशाच्या शरीरात तो रंगहीन रूप घेऊन बसतो, आणि त्या रूपात पातीच सपाट राहत नाहीत. आधी रसायनाने त्याला पुन्हा हिरवं करावं लागतं, मग ॲप्टामर.

पण खरी हाव वेगळी आहे: रंगाशी काही संबंध नसलेला पदार्थ, विषाणू, औषध, शरीरातला एखादा रेणू ओळखायचा आणि रंग फक्त उजेडासाठी वापरायचा.

सर्वांत सरळ युक्ती म्हणजे ॲप्टामर मधोमध कापणे. लेट्युसचं हेच केलं गेलं. दोन तुकडे, एकेकटे निरुपयोगी, रंग शेजारी असूनही अंधार. प्रत्येक तुकड्याला अक्षरांची एक शेपटी जोडली, करोना विषाणूच्या आरएनएवरच्या शेजारशेजारच्या दोन जागांशी जुळणारी. विषाणूचा आरएनए नळीत असेल तर दोन्ही शेपट्या त्यावर लागून-लागून बसतात, तुकडे एकमेकांसमोर येतात, खोबण पुरी होते, हिरवा उजेड. विषाणू नसेल तर तुकडे पाण्यात भटकत राहतात. यात डीएनएवर काहीही रासायनिक डाग दिलेला नाही, हे महत्त्वाचं. आतापर्यंत अशा कामाला धाग्याच्या एका टोकाला रंग आणि दुसऱ्याला तो विझवणारा गट चिकटवलेले रेणू लागायचे, आणि ते चिकटवणं, शुद्ध करणं हाच मोठा खर्च असतो. इथे साधा धागा मागवायचा, रंग वेगळ्या बाटलीतून टाकायचा.

दुसरी युक्ती म्हणजे दोन ॲप्टामर एका दांड्याने जोडणे. मिलान स्टोयानोविच आणि दिमित्री कोल्पाश्चिकोव्ह यांनी २००४ मध्ये मॅलाकाइट ग्रीनच्या आरएनए ॲप्टामरला एटीपी (पेशीत ऊर्जा वाहून नेणारा रेणू) वगैरे ओळखणारे ॲप्टामर जोडून हे दाखवलं. मधला दांडा मुद्दाम कमकुवत ठेवायचा, एकट्याने उभाच राहणार नाही इतका. एटीपी आला की त्याची बाजू दुमडते, दांडा सावरतो, दुसऱ्या टोकाची रंगाची खोबण नीट बसते. दांड्यात एक जोडी जास्त झाली तर दिवा कायम चालू, एक कमी झाली तर कायम बंद. कागदावर हे सुटसुटीत दिसतं, पण प्रत्यक्षात एकेक अक्षर बदलून बघण्यात महिने जातात.

तिसरीत पुन्हा मागणीच बदलली आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात राझ्वान नुतिउ आणि यिंगफू ली यांनी २००५ मध्ये मण्यावर पदार्थ अडकवण्याऐवजी धागेच अडकवले, एका छोट्या जुळणाऱ्या तुकड्याच्या खुंटीवर. पदार्थ पाण्यात मोकळा सोडला. ज्या धाग्याचा आकार पदार्थ धरताना बदलतो तोच खुंटीवरून निसटतो, आणि निसटेल त्यालाच घ्यायचं. म्हणजे सुपाला पहिल्यापासून ‘धर’ नव्हे, ‘धरून वळ’ असं सांगितलं. बटणाला नेमकं हेच हवं असतं. शिवाय पदार्थावर आकडा लावायचाच नसल्याने आकडा-धरूंची भानगडही मिटली.

मग दवाखान्यात का दिसत नाही?

पोटॅशियम, मॅग्नेशियम, तापमान. ॲप्टामर ज्या पाण्यात निवडला त्याच पाण्यात तो शहाणा असतो. चवडवाल्यांना पोटॅशियम लागतं, आणि ते पेशीच्या आत भरपूर तर रक्तद्रवात फारच कमी. वातानुकूलित खोलीत २५ अंशांना निवडलेली खोबण मे महिन्यात नागपूरच्या टेबलावर तशीच राहील असं धरून चालता येत नाही. रक्तात डीएनए कुरतडणारी विकरं असतात. रक्तद्रव, दूध, लघवी स्वतःही थोडी चमकतात. हळदीतला कर्क्युमिन तर अतिनील प्रकाशात झकास हिरवट-पिवळा उजळतो, त्यामुळे आमटीचा डाग पडलेल्या हातमोज्याने केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवू नये.

पण याहून जुनं दुखणं म्हणजे ॲप्टामर खरोखर धरतो का, हेच नीट न तपासणं. आर्सेनिकचं उदाहरण बोचरं आहे. आर्सेनिक ओळखतो म्हणून एक डीएनए जाहीर झाला होता. बांगलादेश-पश्चिम बंगालच्या विहिरींचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्या धाग्यावर आधारलेल्या संवेदकांचे शोधनिबंध येत राहिले, अनेक सोन्याच्या सूक्ष्म कणांचा रंग बदलण्यावर चालणारे. २०१९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जुवेन लिउ यांच्या गटाने शांतपणे मोजमाप केलं, आणि निष्कर्ष निबंधाच्या शीर्षकातच मांडला: आर्सेनिकचा ॲप्टामर आर्सेनिकला धरतच नाही. आर्सेनिक थेट सोन्यालाच चिकटत होतं, रंग त्यानेही बदलू शकतो. म्हणजे डीएनए नुसता शेजारी उभा होता.

म्हणून या कामातली जुनी माणसं नवा उजेड दिसला की पेढे वाटत नाहीत, आणखी दोन नळ्या लावतात. पहिलीत ॲप्टामर, रंग आणि शोधायचा पदार्थ. दुसरीत सगळं तेच, फक्त ॲप्टामरची अक्षरं तितकीच ठेवून क्रम विस्कटलेला. तिसरीत डीएनएच नाही, रंग आणि नमुना तेवढा. दिवा लावायचा. पहिली पेटली आणि बाकी दोन काळ्या राहिल्या तर प्रमाण बदलून आलेख काढायला बसायचं. मधली पेटली तर परत सूप हातात घ्यायचं.